माईच्या गुत्त्यातला ताल

गुणाजी धुरी जन्मात कधी दारूच्या थेंबाला शिवला नाही. सोसायटीच्या पिकनिकला सगळे ग्लास घेऊन बसले की हा एकटा कोकम सरबत पीत चकण्याचे शेंगदाणे संपवायचा. आणि तरीही बोरीवलीच्या आसपास जुने गुत्ते कुठे कुठे होते, हे कुणाला विचारायचं झालं तर लोक त्याच्याच दाराकडे बोट दाखवायचे.

याला कारण त्याची नोकरी. गुणाजी वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामावर होता. गावठाणातली घरं आत आत जातात, मीटर कुठे तर कुणाच्या माजघरात, कुणाच्या पडवीत. तो सापडेपर्यंत घरातलं म्हातारं माणूस सोबत चालायचं आणि बोलायचं. "हा मीटर लावलाय ना, तिथं फळी होती. फळीवर बरण्या. बाहेर बाकडं." दारूबंदी आली तेव्हा ताडीची उघडी दुकानं कशी बंद झाली, हातभट्ट्या तिवरांच्या आत कशा गेल्या, पुढच्या खोलीत देव्हारा आणि मागच्या खोलीत गुत्ता असं कसं चालायचं, हे सगळं गुणाजीच्या कानावर असंच पडत गेलं. रिटायर झाल्यावर त्याने ते मनावर घेतलं. वजिरा, एक्सर, शिंपोली, खाडीपलीकडे गोराई. खांद्याला झोळी, पायात रबरी चपला, आणि दिसेल त्या म्हाताऱ्याला एकच प्रश्न, "इथं पूर्वी प्यायला कुठं बसायचे हो?"

"लोक रिटायर झाले की देवाधर्माला लागतात," त्याची बायको सुगंधा शेजारणींना सांगायची, "आमचे हे गुत्त्याला लागले."

गुणाजी हसायचा. देवळांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तो म्हणायचा. पण गिरणीतला माणूस आणि होडीवरचा माणूस एका बाकावर बसून जिथे बोलले, त्या जागेचं कुणी काही लिहून ठेवलंय का?

हे त्याचं म्हणणं खरंच होतं. फक्त त्या बाकावर बसणाऱ्यांत त्याचे स्वतःचे वडीलही होते, ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे.

त्याचे बाबा म्हणजे धुरीबुवा. कणकवलीकडून आलेले, गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले आणि बाहेर भजनीबुवा. बुवांची पेटी म्हणजे पेटी आणि बुवांचा ताल म्हणजे ताल. त्यांच्या माघारी मुलुंडच्या एका मंडळाने भजन स्पर्धेच्या चषकाला त्यांचं नाव दिलं होतं. गुणाजीची मोठी बहीण आक्का मुलुंडलाच राहायची आणि दरवर्षी तो चषक तिच्या हस्ते दिला जायचा. तिच्या घरी बाबांच्या फोटोला रोज ताजा हार असे. पण हेच बाबा आठवड्याच्या सुट्टीला होडीने खाडी ओलांडून गोराईला जात. तिथे एका म्हातारीच्या घराच्या मागे गुत्ता होता. तिला सगळे माई म्हणत. बाबा तिथून परत येत ते खुशीत, आणि जेवताना मुलांना तिथले किस्से सांगून हसवत.

त्यातला एक किस्सा धर्मा भिंगरीचा.

बोरीवलीच्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गुणाजीकडे लेख मागितला. माहितीने भरलेला लेख त्यांनी वाचला आणि फोन करून म्हणाले, "धुरीसाहेब, माहिती झकास आहे. पण यात माणूस दिसत नाही. एखादा गमतीचा किस्सा टाका ना." गुणाजीला लगेच भिंगरीच आठवला. धर्मा नावाचा कोळी होता. नवटाकभर दारूसाठी तो डोक्यावर भरलेला ग्लास ठेवून नाचायचा. सांडला नाही तर ग्लास त्याचा, सांडला तर पुन्हा पहिल्यापासून नाच. गिरक्या अशा घ्यायचा की नावच भिंगरी पडलं. एकदा तर बायको घरी न्यायला आली, दारात उभी राहिली, तरी भिंगरी थांबेना! बाबा हे सांगताना ताटाच्या कडेवर बोटांनी ताल धरायचे आणि घरातले सगळे हसून लोळायचे.

गुणाजीने ते जसंच्या तसं लिहिलं. फक्त बाकावर ताल कोण धरायचं ते लिहिताना पेन थांबलं. जरा वेळ विचार करून त्याने लिहिलं, 'बाकावर कुणीतरी ताल धरायचं.' हा किस्सा कुणी सांगितला त्या जागी लिहिलं, 'एका जाणत्या माणसाने सांगितलं.' धर्माचं नाव मात्र तसंच राहू दिलं. त्याचं आता कोण उरलं असणार, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे त्याने तेवढाही विचार केला नव्हता. आणि दाढी करताना सुचलेलं एक वाक्य त्याने वर चढवलं, ज्यावर तो स्वतःच खूश झाला होता. 'बायको डोक्यावर पाटी घेऊन कमवायची, नवरा डोक्यावर ग्लास घेऊन गमवायचा.'

लेख गाजला. वाचनालयाच्या सभागृहात त्याचं भाषण ठेवलं गेलं. कमवायची-गमवायचाला असा हशा पिकला की गुणाजीला पाण्याचा घोट घेऊन थांबावं लागलं. समोर बसलेल्या मिहिर नावाच्या तरुणाने नंतर येऊन हात मिळवला. तो मुंबईच्या जुन्या गोष्टींवर मोबाइलसाठी छोटे व्हिडिओ बनवायचा. "काका, हे सोनं आहे. मी यावर बनवू का? नाव तुमचंच देईन." गुणाजी म्हणाला, "बनव की." व्हिडिओत मिहिरने चौकड्याची लुंगी नेसून, डोक्यावर ग्लास ठेवून स्वतःच नाचून दाखवलं. सोसायटीच्या ग्रुपवर तो गुणाजीलाच पाचजणांनी पाठवला. सुगंधाने बघितला आणि एवढंच म्हणाली, "त्याची बायको असेल ना हो कुठे?"

"एवढ्या वर्षांनी कुठली असायला?" गुणाजी म्हणाला.

मग एके दुपारी फोन आला.

"गुणाजी धुरी बोलताय का? माझं नाव पूर्वी, गोराईहून बोलतेय. धर्मा माझे आजोबा." मुलीचा आवाज शांत होता. "त्यांना भिंगरी तुम्ही लोक म्हणायचात. आम्ही नाही. तो व्हिडिओ माझ्या अंधेरीच्या ऑफिसमध्ये लंच टाइमला लावला होता सगळ्यांनी. मी पण आधी हसले. मग नाव ऐकलं."

"ताई, माझा तसा हेतू नव्हता..."

"आजीला तुम्हाला भेटायचंय."

"रागावल्यात का त्या?"

"ते तिलाच विचारा."

जाताना काय न्यावं हे त्याला कळेना. शेवटी त्याने पेढे घेतले. लाँचमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की पेढे लोक आनंदाच्या बातमीला नेतात. गोराईच्या धक्क्यावर उतरून विचारत विचारत तो पूर्वीच्या आजीच्या, सगुणाबाईंच्या घरी पोचला तेव्हा म्हातारी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. नात पूर्वी दाराशी उभी होती. तिने पेढ्यांचा पुडा घेतला आणि न उघडता खिडकीत ठेवला.

"बस," सगुणा म्हणाली. तिने मान वर केली नाही. "पाटी न् ग्लास तूच लिवलंस ना?"

"हो, मावशी. चुकलं माझं."

"तू माईचे गुत्त्यान कधी आल्तास?"

"नाही."

"मग तुला कोनी सांगितला?"

गुणाजीने तोंड उघडलं. हा प्रश्न येणार हे त्याला लाँचमध्ये बसल्यापासून ठाऊक होतं. "एका जाणत्या माणसानं," तो म्हणाला.

"कोन जानता?"

"ते आता नाहीत."

सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा सुकटीत बोटं घालून ती बोलू लागली.

धर्मा चांगला होडीवाला होता, ती म्हणाली. जाळं ओढताना दोरखंडाचा फास हाताला बसला आणि उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. मग कुणी होडीवर घेईना. तो माईच्या गुत्त्यावर पाणी भरायला जायचा, बाकडी पुसायचा, त्या बदल्यात थोडी प्यायला मिळायची. मग मिलवाले यायला लागले. त्यांच्यात एक बुवा होता. "गला काय गोड त्याचा! त्यानंच काडला हे. बोलला, धर्मा, डोक्यावर ग्लास ठेव न् नाच. बाकावर हात मारून ताल देयाचा. धर्मा थांबला का बोलायचा, अजून अंतरा बाकी हाय." तिने हात झटकले. "तू लिवलंस, तो नाचायचा. तो नाचाचा नाय. त्याला नाचवाचे."

सगुणाने सुपातली सुकट पुढे ओढली.

"मी बोलवायला गेलती ते पन लिवलंस."

"हो."

"कशाला गेलती ते नाय लिवलंस."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"माझी सासू जायाला टेकलेली. लेकाच्या हातचं पानी मागत व्हती. मी कडेवर पोर घेऊन पलत गेली. दारात उभी रायली न् बोलली, चल, आय बोलावते. तो बुवा माझेकडे बघून हसला. बोलला, वैनी, बसा जरा, एवढी चाल झाली का सोडतो." सगुणा थांबली. "धर्मा रडत व्हता रे. नाचता नाचता रडत व्हता. ग्लास सांडला तर परत पयल्यापासून, म्हनून मान हलवत नव्हता. आमी घरी आलो तवा सासू गेलेली."

पूर्वी आत निघून गेली. तिनेही हे आधी ऐकलेलं नसावं.

वैनी, बसा जरा. बाबा घरी आलेल्या पाहुण्यांना अगदी असंच म्हणायचे, त्याच गोडव्याने. गुणाजीने तो आवाज लगेच ओळखला. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मावशी, तो बुवा माझा बाप. एवढंच वाक्य. पण त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मी तो व्हिडिओ काढून टाकायला सांगतो."

"सांग," सगुणा म्हणाली. "अजून काय बोलाचं हाय तुला?"

"नाही," गुणाजी म्हणाला.

"मग जा."

मिहिरला त्याने धक्क्यावरूनच फोन केला. पोरगा वाईट नव्हता. त्याने व्हिडिओ लगेच काढून टाकला आणि म्हणाला, "पण काका, लोकांनी डाउनलोड केलाय. तो आता फिरतच राहणार." घरी आल्यावर गुणाजी जेवला नाही. सुगंधाने दोनदा विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. किस्सा कुणी सांगितला होता, ताल कोण धरायचं, आपण काय लिहिलं, काय गाळलं, आणि आज म्हातारीने सरळ विचारल्यावर आपण काय म्हणालो.

सुगंधा ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. सासऱ्यांच्या पाया पडून ती या घरात आली होती. त्यांचा तिच्यावर जीव होता. "बाबांनी केलं ते केलं," ती शेवटी म्हणाली. "ते आता काय निस्तरणार? पण तू आपल्या बापाला झाकलंस आणि त्या बाईच्या नवऱ्याला उघडा पाडलास. हे तर तुझं तू केलंस ना, गुणाजी?"

लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने त्याला असं एकेरीत, नावाने कधी हाक मारली नव्हती.

पुढचे काही दिवस तो घराबाहेर पडला नाही. वाचनालयातून पुढच्या भाषणासाठी फोन आला, तो त्याने घेतला नाही. स्वतःचा लेख त्याने पुन्हा वाचला तेव्हा प्रत्येक ओळीत त्याला बाबांचा आवाज ऐकू येत होता. तो गुत्त्यांचा इतिहास म्हणून जे लिहीत होता, ते बाकावर बसून हसणाऱ्यांनी सांगितलेलं होतं. पाणी भरणाऱ्याला, बाकडी पुसणाऱ्याला त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

अखेर तो पुन्हा गोराईला गेला. या वेळी हातात काही नव्हतं. सगुणा ओट्यावरच होती. तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो. तो ताल धरणारा बुवा, धुरीबुवा, तो माझा बाप."

सगुणाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"ठाव हाय," ती म्हणाली. "पूर्वी तुझा नाव बोलली तवाच मना समजला. धुरी. बुवाला धुरीच बोलायचे. न् तू बसलास तो बी त्याच्यासारखाच." तिने पदर सारखा केला. "म्हनून तर इचारला तुला, कोनी सांगितला. एकदा नाय, दोनदा इचारला. म्हटला बघू, बोलतंय काय."

गुणाजीला वाटलं, ओटा फाटावा आणि आपण आत जावं. म्हणजे त्या दिवशी ती सगळं सांगत असताना तो कोण आहे हे तिला माहीत होतं. बापाचं ऐकताना मुलाचा चेहरा कसा होतो ते ती बघत होती. 'अजून काय बोलाचं हाय तुला' हेही तिने त्यासाठीच विचारलं होतं. आणि तो 'नाही' म्हणाला होता.

"मला माफ करा," तो म्हणाला. "बाबांच्या वतीनं..."

"त्याची माफी तू नको मागू," सगुणाने त्याला तोडलं. "ती त्यानं मागाची व्हती. तुला मागाची तर तुझी माग."

म्हणून त्याने स्वतःची मागितली. लिहिल्याची, गाळल्याची, खोटं बोलल्याची. वाक्यं अडखळत आली. शेजारच्या घरातल्या दोन बायका जाळीच्या दारातून बघत होत्या. सगुणाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऐकली." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "आता जसा झाला तसा लिव. बुवाचं नाव घाल."

लिहिण्याआधी गुणाजी मुलुंडला गेला. आक्काने ऐकलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. "चार घोट घेतले असतील बाबांनी. गंमत केली असेल. त्या काळी सगळेच करायचे. त्यासाठी तू मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार?"

"धर्माची मांडली तेव्हा मला काही वाटलं नाही, आक्का."

"तो कुठला कोण! आणि बाबा तुझे बाबा." ती उठून उभी राहिली. "लिहिलंस तर या घराची पायरी चढू नकोस."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी हा दुसरा लेख घेतला नाही. वाचकांचा विरस होईल, असं ते म्हणाले. गुणाजीने स्वतःच छोटी पुस्तिका छापून घेतली. वाचनालयात एका सकाळी तो ती वाचायला उभा राहिला तेव्हा मागच्या वेळच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. 'ताल धरणारे माझे वडील होते' हे वाक्य आलं तेव्हा त्याचा आवाज गेला. त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलुंडच्या मंडळाने त्या वर्षी चषकावरचं नाव काढलं की ठेवलं, हे त्याला कळलं नाही, कारण बोलावणंच आलं नाही. बाबांच्या वर्षश्राद्धालाही आक्काचा फोन आला नाही.

पुस्तिका द्यायला तो गोराईला गेला. ठेवून निघू, असं त्याने ठरवलं होतं. पण सगुणा म्हणाली, "थांब. पूर्वी वाचल. तू बस."

त्याला बसावं लागलं. पूर्वी पायरीवर बसून मोठ्याने वाचू लागली. जाळीच्या दारातल्या बायका बाहेर आल्या. येणारेजाणारे थांबले. आपलेच शब्द त्या मुलीच्या तोंडून ऐकताना गुणाजी मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. आईच्या पाण्याचा भाग आला तेव्हा सगुणा उठून आत गेली. पूर्वी थांबली. आतून आवाज आला, "वाच. मी ऐकते."

वाचून झाल्यावर बायका आपापल्या घरी गेल्या. सगुणा बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पन तू सगलीकडं 'धर्माची आई' लिवलंस. तिला नाव नव्हता काय?"

गुणाजीने विचारलंच नव्हतं. पश्चात्ताप करायला बसलेल्या माणसाला, जिच्या शेवटच्या पाण्याबद्दल लिहिलं तिचं नाव विचारायचं सुचलं नव्हतं.

"काय नाव होतं त्यांचं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"धुरपताबाय."

"पुढच्या वेळी छापताना घालतो," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं की पुढची वेळ कुठली आलीय. सगुणालाही ते कळलं असावं. ती सुकट निवडायचं सूप घेऊन ऊन होतं तिकडे सरकली.

घरी पोचल्यावर त्याने उरलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा जेवणाच्या टेबलावर काढला. सुगंधाने दुसरं पेन शोधून आणलं आणि ती समोर बसली. दोघं मिळून एकेका पुस्तिकेत 'धर्माची आई' खोडून वर हाताने 'धुरपताबाय' लिहीत गेले. वाटून झालेल्या पुस्तिका मात्र लोकांच्या घरी तशाच राहिल्या.